'कसं लागलं?' हे विचारताना



मी डॉक्टर नाही. बी. ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. तेव्हा दवाखान्याविषयी मी काय बोलणार, असं आपल्याला वाटेल. पण तरुणपणी नऊ वर्षं मी आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसत होतो. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. जी चूक सांगणार आहे ती त्याची एकट्याची नव्हती, आणि तिच्यात माझाही वाटा होता.

खिडकीवरचं काम सोपं असतं. नाव, वय, गाव आणि एका ओळीत तक्रार लिहायची, मग माणसाला योग्य त्या खोलीकडे पाठवायचं. रोवणीच्या दिवसांत साप-विंचू चावलेली माणसं यायची. तेंदूपत्त्याच्या हंगामात ऊन लागलेली यायची. विड्या वळणाऱ्या बायांची मान आणि पाठ तर बाराही महिने दुखत असे. या सगळ्यांत एक वाक्य मात्र रोज ऐकू यायचं. "पडली जी, पाय घसरला." कुणी विहिरीवर पडलेली असायची, कुणी मोरीत, कुणी धुऱ्यावर. मी खाली मान घालून लिहायचो, 'पाय घसरून पडल्याने मार.'

बी. ए.ला मी मराठी घेतली होती. कर्ता, कर्म, क्रियापद पाठ होतं. 'मला लागलं' या वाक्यात ज्याला लागलं तो दिसतो, पण लागण्याला कारण झालेला माणूस कुठेच नसतो. 'भाजलं', 'पडली', 'मुका मार बसला' ही तशीच वाक्यं. असली वाक्यं मी नऊ वर्षांत किती लिहिली असतील, त्याचा हिशेब नाही. त्यांत कर्ता कुठे गेला, हा प्रश्न मला कविता लिहिताना पडायचा, खिडकीवर पडत नव्हता.

आणखी एक शब्द सांगतो. आपल्याकडे शेतात फवारतात ते विष, त्यालाही आपण औषधच म्हणतो. "तिनं औषध घेतलं" असं कुणी धावत येऊन सांगितलं, तर ऐकणाऱ्याने कोणतं औषध ते समजून घ्यायचं असतं. कागदावर लिहिलं जायचं, 'चुकून औषध पोटात गेले.' त्या वेळी आत्महत्येचा प्रयत्न हा कलम ३०९ खाली गुन्हा होता. पोलिसांच्या भीतीने घरचे 'चुकून' म्हणत, दवाखाना 'चुकून' लिहीत असे. पोट धुऊन, सलाईन लावून, चार दिवसांनी बाई त्याच घरी परत जात असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे बदललं. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं आता धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलमच राहिलं नाही. तेव्हा 'चुकून' लिहिण्याची सक्ती आता उरलेली नाही. सवय मात्र कायद्याबरोबर जात नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ज्यांची आहे त्यांची परवानगी घेऊन सांगतो.

१९९६ सालचा मार्च महिना. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, डावा हात ओढणीत बांधून खिडकीसमोर उभी राहिली. शेजारी दुल्हेभाई होते. मी विचारलं, "काय झालं?" आपाने तोंड उघडायच्या आत दुल्हेभाई म्हणाले, "अंगणात शेवाळं होतं, घसरली." मी लिहिलं, 'अंगणात घसरून पडल्याने हाताला मार,' आणि दोघांना हाड पाहणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. रांग मोठी होती. घरचं माणूस म्हणून मी आपाचा कागद सगळ्यांच्या आधी आत सरकवला, तेवढाच माझा भाऊपणा.

श्रोतेहो, आमच्याकडे मार्च महिन्यात अंगणात शेवाळं नसतं. धूळ असते. हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

पुढे एका डॉक्टर मित्राने मला समजावून सांगितलं. माणूस पडताना तळहात टेकतो आणि बहुधा मनगटाजवळ मोडतं. पण डोकं वाचवायला वर उचललेल्या हातावर काठी बसली, तर करंगळीच्या बाजूचं हाड मधेच मोडतं. आपाचं हाड मधेच मोडलं होतं. एक्स-रेमध्ये ते दिसत होतं. तिथे सगळ्यांनी हाड पाहिलं, प्लॅस्टरही चांगलं घातलं. ते मोडलं कसं, हे कुणी विचारलं नाही.

प्लॅस्टर काढायला आपा आली तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीत एक सिस्टर होत्या. त्यांनी दुल्हेभाईंच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि "बाहेरच्या मेडिकलमधून एवढं घेऊन या" म्हणून त्यांना पाठवलं. दार लोटलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अशा जागी हात मोडलेल्या बाया माझ्याकडे येतात. कित्येकींना घरातच कुणी मारलेलं असतं. तुमच्या बाबतीत तसं काही झालं का?" आपा म्हणाली, "नाही, पडलेच." सिस्टरनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "बरं. पण कधी बोलावंसं वाटलं, तर या. सोमवारी आणि गुरुवारी मी इथेच असते."

तीन महिन्यांनी, एका गुरुवारी, आपा एकटी आली. मुलीला ताप आहे, हे निमित्त होतं. त्या दिवशी ती बोलली. सिस्टरनी डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि कागदावर पहिल्यांदाच पूर्ण वाक्य लिहिलं गेलं, 'पतीने मार्च महिन्यात काठीने मारल्याचे रुग्ण सांगते.'

संध्याकाळी केसपेपर लावताना तो कागद माझ्या हातात आला. बहिणीचं दुःख मला असं कळलं. आज विचार केला की वाटतं, तो कागद माझ्या हातात यायलाच नको होता. मी भाऊ होतो म्हणून ठीक. माझ्या जागी दुल्हेभाईंच्या नात्यातला कुणी कारकून असता तर? असे कागद वेगळे, कुलपात ठेवायला हवेत, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

अब्बांनी आठ दिवसांत आपाला आणि भाचीला घरी आणलं. तिने विड्या वळल्या, शिवणकाम केलं, लेकीला शिकवलं. पुष्कळ वर्षांनी एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी खिडकीवर मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तू मान खाली घालून लिहीत होतास. एकदा वर बघायचं होतंस."

कुणाला वाटेल, हा एखाद्या समाजाचा, एखाद्या मोहल्ल्याचा प्रश्न आहे. माझ्या रजिस्टरमध्ये सगळी आडनावं होती. मशिदीच्या गल्लीतली, देवळाच्या आळीतली, विहाराजवळची, कोष्टीपुऱ्यातली, सरकारी क्वार्टरमधलीही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांना विचारलं गेलं. नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचं देशात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.२ टक्के स्त्रियांनी सांगितलं. म्हणजे आपल्या राज्यात चौघींतली एक. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे मदत मागितलेल्या स्त्रिया देशभरात जेमतेम १४ टक्के. बाकीच्या गप्प राहतात. पण गप्प राहणारी बाईही दवाखान्यात येते. ताप, बाळंतपण, लेकराची लस, कशासाठी तरी येतेच. पोलीस ठाण्यात जायला तिला घरातून परवानगी मिळत नाही, दवाखान्यात जायला मिळते. म्हणून दवाखान्याची जबाबदारी मोठी.

हीच गोष्ट ओळखून मुंबईत एक काम उभं राहिलं. वांद्र्याच्या के. बी. भाभा या महापालिकेच्या रुग्णालयात २०००-२००१ मध्ये 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून 'दिलासा' नावाचं केंद्र सुरू केलं. सरकारी रुग्णालयाच्या आतच, रुग्णालयाचा एक विभाग म्हणून चालणारं देशातलं ते पहिलं केंद्र. डॉक्टरांनी, परिचारिकांनी ओळखायचं आणि बाईला त्याच इमारतीतल्या दिलासाच्या खोलीत पाठवायचं. तिथे तिचं ऐकून घेणारी, कायद्याची माहिती देणारी, पोलिसांकडे जायचं तर सोबत करणारी माणसं असतात. त्या रात्री घरी जाणं धोक्याचं असेल, तर तिला देखरेखीसाठी म्हणून रुग्णालयात ठेवून घेण्याचीही सोय त्यांनी केली. पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांत अशी केंद्रं निघाली, केरळने आपल्या जिल्हा रुग्णालयांत 'भूमिका' नावाने तशीच केंद्रं काढली. दिलासा, हा आमच्या घरच्या बोलीतला शब्द मराठीत कधीचा रुळला आहे. त्या विभागाला दुसरं नाव शोभलं नसतं.

पण आमच्या लाखांदूरच्या किंवा पवनीच्या खेड्यातली बाई वांद्र्याला कशी जाणार? तिच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रातली सिस्टर आणि दारात येणारी आशाताई, हाच दिलासा. म्हणून आज मी त्यांच्याशी बोलतो आहे.

आधी ओळखायचं कसं? मार एका ठिकाणी आणि सांगितलेलं कारण दुसरीकडे, असं असेल तर थांबा. काही वळ ताजे, काही पिवळे पडलेले, म्हणजे निरनिराळ्या दिवसांचे असतील तर थांबा. चेहरा, मान, स्तन, पोट, हाताची बाहेरची बाजू इथे मार असेल, दुखणं जुनं आणि येणं उशिराचं असेल, सोबतचा माणूस क्षणभरही बाजूला होत नसेल आणि तिच्याऐवजी तोच उत्तरं देत असेल, तर थांबा. प्रत्येक वेळी जखम दिसेलच असं नाही. कारण न सापडणारी डोकेदुखी, अंगदुखी, झोप न येणं, पुन्हा पुन्हा येणारे आजार, पुन्हा पुन्हा पडणारा गर्भ, उशिरा झालेली गरोदरपणाची नोंदणी, यांच्यामागेही तेच असू शकतं. आणि गळा दाबला गेल्याची खूण तर बाहेर कित्येकदा दिसतच नाही. आवाज बसला आहे, गिळताना दुखतं, एवढंच ती सांगते. ही खूण जिवावरची आहे. ती नजरेआड करू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत असं नाही की येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारत सुटा. अशा खुणा दिसल्या की विचारा, आणि एकांतात विचारा. नवरा, सासू, अगदी समजू लागलेलं मूलही समोर नको. दुभाषी म्हणून घरचं माणूस घेऊ नका. आमच्या सिस्टरनी मेडिकलची चिठ्ठी दिली. कुणी वजन करायला आत नेईल, कुणी लघवी तपासायला पाठवील. वाट काढणाऱ्याला वाट सापडते.

विचारायचं ते सरळ, पण ठपका न ठेवता. "तू काय केलंस म्हणून त्याने मारलं?" हा प्रश्न नव्हे, ही दुसरी मारहाण. "घरी कुणाची भीती वाटते का? कुणी हात उचलतं का?" एवढं पुरे. ती नाही म्हणाली, तर नाही. तिला खोटं ठरवू नका. दार उघडं ठेवा आणि आपली ड्यूटी कधी असते ते सांगा.

ती बोलली, तर काय करायचं? पाच गोष्टी करायच्या. मधे न तोडता ऐकायचं. तिला आत्ता काय हवं आहे, कसली काळजी आहे ते विचारायचं. तिच्यावर विश्वास आहे, हे बोलून दाखवायचं. "यात तुमची चूक नाही" हे वाक्य कित्येकींनी जन्मात ऐकलेलं नसतं. मग तिच्या जिवाला किती धोका आहे ते पाहायचं. मार अलीकडे वाढला आहे का, जिवे मारण्याची धमकी दिली का, गळा दाबला का, गरोदरपणात मारलं का, आज घरी जायला भीती वाटते का? आणि शेवटी, पुढच्या मदतीशी तिला जोडून द्यायचं. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि मिरज-सांगली इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिकांना हे शिकवण्याचं काम झालं आहे. तेव्हा आपल्याकडे हे जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

काय करू नये, तेही सांगतो. नवऱ्याला बोलावून चार शब्द सुनावू नका. तुमचे चार शब्द संपतात, तिला घरी गेल्यावर त्यांचं व्याज भरावं लागतं. समेट घडवायला बसू नका. "लेकरांकडे पाहून सोसा" म्हणू नका, लेकरांकडे पाहूनच ती आजवर गप्प असते. आणि नवऱ्याच्या हाती लागेल असा कागद तिच्या पिशवीत टाकू नका. १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन नंबर आणि तातडीसाठी ११२, हे दोन आकडे तोंडपाठ करून देता येतात.

आता कागदाविषयी. हा माझा जुना धंदा आहे, म्हणून जरा अधिकाराने बोलतो. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहा. कुणी मारलं, कशाने मारलं, कधी मारलं. प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग लिहा. एम. एल. सी. करायची असेल तर ती कशासाठी, तिने पुढे काय होतं, हे आधी तिला समजावून सांगा. तक्रार द्यायची की नाही, हा निर्णय तिचा. ती आज तक्रार देणार नाही, कदाचित पाच वर्षांनी देईल, आणि त्या दिवशी तिच्याकडे साक्षीदार म्हणून तुमचा हा एकच कागद असेल.

कायदाही तेच सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याचं सातवं कलम दवाखान्यांसाठी आहे. आधी कुठे तक्रार नोंदवली नाही, म्हणून पीडित स्त्रीला उपचार नाकारता येत नाहीत, हे त्याच्या नियमांत स्पष्ट आहे. घटनेचा अहवाल आधी भरलेला नसेल, तर तो दवाखान्याच्या प्रमुखाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. तपासणीच्या अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची आहे. आपाच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. असं असूनही एका सिस्टरने दार लोटलं आणि विचारलं.

मला डॉक्टर मंडळी म्हणतात, ओपीडीत दीडशे पेशंट असतात, वेळ कुठून आणायचा? त्यांचं खोटं नाही. खिडकीवर बसून ती रांग मी नऊ वर्षं पाहिली आहे. पण न विचारल्यामुळे रांग कमी होत नाही. तीच बाई डोकेदुखीसाठी, मग अंगदुखीसाठी, मग औषध पिऊन, पुन्हा पुन्हा त्याच रांगेत येते. एकदा नीट विचारायला पाच मिनिटं लागतात.

हे भाषण लिहून झाल्यावर मी आधी आपाला वाचून दाखवलं. ती आता साकोलीला लेकीकडे असते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या सिस्टरनी मला पाणी दिलं होतं, ते राहिलं. बोलता बोलता घसा कोरडा पडला होता, तर आधी पाणी दिलं." मी म्हटलं, घालतो.

म्हणून तेही सांगितलं. डॉक्टरसाहेब, सिस्टर, आशाताई आणि खिडकीवर बसलेल्या माझ्या भावांनो, उद्या सोमवार आहे. ओपीडी भरलेली असेल. कुणीतरी समोर उभी राहून म्हणेल, "पडली जी." लिहिण्याआधी एकदा वर बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)